एक वीरगळ कमी

वन्सं, पुस्तक आलं.

शनिवार पेठेतल्या बाइंडरकडून टेम्पोने गठ्ठे कोथरूडला आपल्या सोसायटीत पोचले आणि लिफ्ट नेमकी बंद. अरविंदने आणि वॉचमनने ते जिन्याने वर आणले. तुमच्या खोलीत रचून ठेवलेत, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, कारण तिला ओल येते. पहिली प्रत मी मधूनच उघडली. अर्पणपत्रिका पाहिली नाही, तुमचा फोटोही पाहिला नाही. आधी क्रमांक एक्केचाळीस काढला. तो आहे. मग एकशे अडतीस काढला. तिथे आता दुसराच दगड आहे. म्हणजे बरोबर आहे. मग बसले आणि रडले.

तुम्ही गेल्याची वर्तमानपत्रात द्यायची बातमी अरविंदने लिहिली होती. पदव्या, संशोधन, मानसन्मान, सगळं त्यात होतं. मी एकदा तपासून दिली, चूक नव्हती. पण ते वाचून तुमची ओळख होईल असं मला वाटलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

तुम्हाला ‘वन्सं’ म्हणणारी जगात मी एकटीच. अरविंदशी लग्न होऊन आले तेव्हा हा शब्द जुना झाला होता, सगळ्याजणी नणंदेला ताईच म्हणत. मी पहिल्या दिवशी आईने शिकवल्याप्रमाणे ‘वन्सं’ म्हटलं आणि तुम्ही चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलंत. “अगं, हा शब्द अजून वापरात आहे? तो कुठे सापडला ते सांग, नोंद करून ठेवते.” मी चिडले आणि मुद्दाम तेच म्हणत राहिले. पुढे तुम्हाला दुसरं काही म्हटलेलं चालेनासं झालं.

मी कंपनीत कॉस्टिंगला. तुम्ही पुरातत्त्वाच्या. आपलं जमायचं काही कारण नव्हतं. एका रविवारी तुमची मोजमापं घेणारी विद्यार्थिनी आली नाही आणि तुम्ही म्हणालात, “अलका, तुला आकडे आवडतात ना? मग घरात डबे कसले मोजतेस, चल.” आणि मी वीरगळ पाहिला. म्हणजे याआधीही पाहिला होता, माहेरच्या गावात देवळाबाहेर तसले दोन दगड होते, आम्ही त्यांच्यावर बसून पेरू खायचो. तुम्ही तो मला वाचून दाखवलात. लढाईत पडलेल्या माणसाचं हे स्मारक. खालून वर वाचायचं. सगळ्यात खालच्या चौकटीत मरून पडलेला वीर, त्याच्या वर लढाई, त्याच्या वर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा आणि सगळ्यात वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच माणूस. “नाव नाही, गाव नाही,” तुम्ही म्हणालात, “पण याच्यासाठी कुणीतरी दगड घडवून घेतला. आपण निदान त्याची उंची तरी बरोबर लिहू.”

तुमची मोजायची पद्धत मला त्याच दिवशी पटली. आधी तुम्ही मोजायचं, आकडे कागदावर लिहायचे आणि घडी घालायची. मग मी मोजायचं आणि घडी घालायची. मग दोन्ही घड्या एकदम उघडायच्या. फरक निघाला तर पुन्हा पहिल्यापासून. पुढून शेंदूर असतो आणि शेंदराचा थर वाढत जातो, म्हणून रुंदी आणि जाडी नेहमी मागच्या कोऱ्या बाजूने. लोक तुमच्या विद्वत्तेचं कौतुक करायचे. मला त्या कागदाच्या घडीचं कौतुक होतं. स्वतःच्या डोळ्यांवर इतका कमी विश्वास ठेवणारं माणूस मी ऑफिसातही पाहिलं नव्हतं.

वर्षानुवर्षं आपण हे केलं. पुण्याच्या भोवतीची, आता पुण्यातच आलेली गावं. आपण पट्टी लावायला वाकलो की मागे एखादी पोकलेन चालू असायची. गावातले लोक तुम्हाला दगडाच्या बाई म्हणायचे. मला काहीच म्हणायचे नाहीत, एकदा एकाने विचारलं, “ह्या बाई सरकारी हायत का?” तुम्ही म्हणालात, “नाही हो, ही माझी भावजय. सरकारी माणूस इतकं नीट मोजत नाही.”

आपला एक वाद मात्र कधी संपला नाही. तुमचं म्हणणं, हे दगड उचलून संग्रहालयात न्यावेत, नाहीतर एकेक करून इमारतींच्या पायात जातील. माझं म्हणणं, लोक रोज फूल वाहतात तिथून दगड उचलून काचेमागे ठेवायचा, याला वाचवणं कसं म्हणायचं? तुम्ही म्हणायचात, “तू भावनेने बोलते आहेस.” हे वाक्य मला, कॉस्टिंगवालीला! आणि दर वेळी तुम्ही पुरावा म्हणून क्रमांक एक्केचाळीस काढायचात.

हा एक्केचाळीस म्हणजे पश्चिमेकडच्या एका गावातल्या मळ्यातला वीरगळ. गावाचं नाव पुस्तकात आहे, इथे लिहीत नाही. विहिरीच्या उत्तरेला, बांधावर उभा. चार चौकटी, स्वच्छ कोरीव काम, शेंदूर नावाला. आपल्या दोघींनाही तो फार आवडला होता. काही वर्षांनी तुम्ही पुन्हा गेलात तेव्हा मळा नव्हता. विहीर नव्हती. पत्र्याचं कुंपण होतं आणि आत पार्किंगचे खड्डे. घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत. पुस्तकाच्या खर्ड्यात त्याच्या नोंदीपुढे लिहिलंत, ‘आज अस्तित्वात नाही.’ आणि प्रस्तावनेत एक वाक्य घातलंत, की जमिनीचे पैसे हातात आल्यावर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पूजलेला दगडही राखला नाही, त्यांना काय म्हणावं. वाक्य चांगलं होतं. मला तेव्हा ते खरंही वाटलं.

त्यानंतर गेल्या वर्षी तुमचा आजार निघाला. डॉक्टरांनी गोड बोलून काय ते सांगितलं आणि तुम्ही घरी येऊन नारायण पेठेत प्रकाशकांना फोन केलात, “आता जरा घाई करू.” सगळ्यांनी घाई केली. श्रावणात शेवटची मुद्रितं आली. तुमच्या हातात ती धरवत नव्हती म्हणून शेवटचं परिशिष्ट, सगळ्या वीरगळांच्या मापांचा तक्ता, माझ्याकडे आला.

तक्ता मी माझ्या पद्धतीने तपासला. क्रमाने वाचला तर डोळा फसतो, म्हणून रुंदीप्रमाणे लावला. आणि एक्केचाळीसच्या शेजारी एकशे अडतीस येऊन बसला. रुंदी तीच. जाडी तीच, वरच्या टोकाला आणि शिवलिंगाच्या चौकटीखाली वेगवेगळी घेतलेली, दोन्ही तीच. फक्त उंची कमी आणि चौकटी चारच्या ऐवजी तीन. एकशे अडतीस म्हणजे त्याच गावातल्या देवळाच्या आवारातला वीरगळ, सिमेंटच्या ओट्यात बसवलेला, शेंदराने पार झाकलेला. तीन चौकटींचा म्हणून तो वेगळ्या प्रकरणात होता. आपण दोघींनी तो नीट मोजला होता, मागच्या फटीतून पट्टी सरकवून, घड्या घालून, आणि आपली मापं तंतोतंत जुळली होती. दोन हातांची मापं आपण शेकडो वेळा ताडून पाहिली होती. दोन दगडांची एकमेकांशी ताडून पाहायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

सगळ्यात खालची चौकट सिमेंटमध्ये गेली असेल तर?

मी आधी अरविंदला सांगितलं. तो आतल्या खोलीचं दार लावून माझ्याकडे वळला.

“पुस्तक छपाईला निघालंय, अलका.”

“म्हणूनच सांगते आहे.”

“एक दगड दोनदा मोजला गेला. जग बुडतं का? शुद्धिपत्राची चिठ्ठी लावू आत.”

“नुसतं दोनदा मोजलं असं नाही. जो नाही असं त्यांनी लिहिलंय तो आहे. आणि ज्यांनी तो घालवला असं लिहिलंय त्यांनी बहुतेक तो घालवलेला नाही.”

“बहुतेक!” तो म्हणाला. “बहुतेकसाठी तू पुस्तक थांबवणार? तिच्या हातात एकदा पडू दे. एकदा हातात धरू दे तिला. मग काढत बस चुका.”

त्याचा आवाज फुटला. तो चूक होता असं मला तेव्हाही वाटलं नाही. तुम्ही त्याची थोरली बहीण, आई गेल्यावर तुम्हीच त्याचे डबे भरलेत. त्याला तुमच्या हातात पुस्तक पाहायचं होतं आणि दिवस थोडे होते. हे गणित मलाही येत होतं.

सकाळी चहा घेऊन आले तर तुम्ही उशीला टेकून बसला होतात. “तक्ता झाला?” विचारलंत. मी हो म्हणू शकले असते. पण तुम्ही लगेच विचारलं असतंत, “काही सापडलं?” आणि त्या प्रश्नाला तुमच्यासमोर खोटं बोलणं मला जमलं नसतं. मी सांगितलं. अरविंद दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही.

तुम्ही चहा बाजूला ठेवलात. मला वाटलं आता खचणार. तुम्ही म्हणालात, “म्हणजे तो आहे?”

“मापांवरून तरी.”

“अलका, तो आहे!” आणि तुम्ही हसायला लागलात, इतक्या की खोकला आला. “इतकी वर्षं मी त्याचं सुतक पाळतेय आणि हा तिथे शेंदूर लावून नैवेद्य खातोय!”

अरविंद म्हणाला, “ताई, चिठ्ठी लावता येईल.”

“चिठ्ठी हरवते रे. पुस्तक राहतं. गाडी काढ.”

प्रकाशकांना मीच फोन केला. ते म्हणाले, “बाई, आपण ग्रंथ काढतोय की शिरगणती?” पण थांबवलं त्यांनी. त्यांचे आभार मानायचे राहिलेत.

देवळात तुमच्यासाठी मी प्लॅस्टिकची खुर्ची मागून आणली. तुम्हाला वाकता येत नव्हतं. मळ्यातल्या वीरगळाच्या जुन्या फोटोत, पाठीवर, मध्याच्या जरा खाली नांगराच्या फाळाने गेलेला तिरका ओरखडा होता. देवळातल्या वीरगळाच्या मागे आणि भिंतीत हात जाईल इतकीच फट. मी ओट्यावर आडवी झाले आणि हात घातला. कोळिष्टकं, जुन्या उदबत्तीच्या काड्या, मग दगड. तुम्ही फोटो धरून बसला होतात, मला दाखवला नाहीत.

“खाच लागते?”

“लागते.”

“कुणीकडे उतरते?”

“भिंतीकडून बघितलं तर डावीकडे.”

“बोट मावतं?”

“करंगळी मावते.”

तुम्ही फोटो उलटा करून मांडीवर ठेवलात आणि डोळे मिटून घेतलेत. अरविंद घाबरून पुढे आला. तुम्ही हातानेच त्याला थांबवलंत.

मग त्या मळ्याच्या मालकीणबाई, हौसाबाई, आल्या. कुणीतरी घरी निरोप दिला होता. आता त्या त्याच जागेवरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. तुम्ही विचारलंत, हा दगड इथे कसा आला.

“जमीन इकली बाई, पर देव कसा इकायचा?” त्या म्हणाल्या. “म्हसोबा हाय आमचा. मालकांनी ट्रॉलीत गोधड्या हातरल्या आन् त्यावर निजवून आणला. इथं शिमेटात हुबा केला, पडू नये म्हणून.”

“मी नंतर इथे येऊन याला मोजून गेले. तुम्ही मला का नाही सांगितलंत?”

“तुमी इचारलं का? तुमी आला, पट्टी लावली, गेला.”

मी खाली पाहिलं. तुम्ही मात्र खुर्चीत सरळ झालात. “हौसाबाई, मी पुस्तकात तुमच्याबद्दल वाईट लिहिलं होतं. की तुम्ही देव टाकून दिलात.”

“छापलं का?”

“नाही अजून.”

“मग काय झालं? पुसून टाका की.”

वन्सं, आपण कितीतरी वेळा बोललो असू, चर्चासत्रांत तुम्हाला कुणी आव्हान दिलं तर तुम्ही कशा ताठ उभ्या राहायचात. मला अभिमान वाटायचा. पण त्या दिवशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, गावातल्या चार बायकांसमोर, स्वतःचं छापायला निघालेलं वाक्य तुम्ही मागे घेतलंत, त्याहून जास्त अभिमान मला कधी वाटला नाही. हे मी तेव्हा बोलले नाही. आपल्या घरात असं तोंडावर बोलायची पद्धत नाही. आज लिहिते.

पुढचे महिने कामाचे होते. एक दगड कमी झाला की त्याच्यापुढचे सगळे क्रमांक बदलतात, चित्रांचे, नकाशांचे, मजकुरात जिथे जिथे उल्लेख असेल तिथले. मी रजा टाकली. तुम्ही दुपारी, औषधाची गुंगी उतरली की, नवीन प्रकरण सांगायचात आणि मी लिहून घ्यायचे. जमिनी विकल्या गेल्या तेव्हा दगड कुठे गेले, कुणी नेले, कशावर घालून नेले. तुम्ही फोनवरून गावोगावी विचारलंत. ‘आज अस्तित्वात नाही’ म्हणून लिहिलेल्यांपैकी आणखी दोन सापडले, एक चक्क कुणाच्या गच्चीवर. ज्यांनी ज्यांनी मुद्रितं वाचली ते सांगतात, पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण तेच आहे. मलाही तसं वाटतं, पण माझं मत धरू नये, अक्षर माझं होतं.

त्याच प्रकरणात तुम्ही आपल्या जुन्या वादाबद्दल लिहिलंत, की दगड कुठे सुरक्षित राहतो याविषयी लेखिकेचं मत पूर्वीइतकं पक्कं राहिलेलं नाही. मी लिहिता लिहिता थांबले. तुम्ही म्हणालात, “हसू नकोस. पूर्वीइतकं नाही असं म्हटलंय. बदललं असं नाही म्हटलेलं.” हा वाद मला अजून पुढे न्यायचा होता. गच्चीवरच्या त्या दगडाचं काय करायचं, हे तुम्ही सांगितलंच नाहीत. मला वाटतं तो राहू द्यावा. तुम्ही नाही म्हणाला असतात आणि पटेल असं काहीतरी कारण दिलं असतंत.

अरविंद त्या सगळ्या महिन्यांत तुमचं सगळं करत होता, पथ्याचं, औषधाचं, दवाखान्याचं. माझ्याशी कामापुरतं बोलायचा. शेवटच्या फर्म्याची, म्हणजे शेवटच्या सोळा पानांची, मुद्रितं तुम्ही पाहिलीत, शेवटच्या पानावर सही केलीत. शिवून, बांधून, पुठ्ठा चढून यायला जेवढे दिवस लागणार होते तेवढे तुमच्याकडे नव्हते. तेराव्याला पाहुणे गेल्यावर त्याने एकदाच म्हटलं, “तिने हातात धरलं असतं.” त्याचं म्हणणं खरं होतं. धरलं असतं.

काल आम्ही हौसाबाईंकडे प्रत द्यायला गेलो. लिफ्टने तिसरा मजला, दारात चपलांची मांडणी, भिंतीवर मोठा टीव्ही. मी तुम्ही गेल्याचं सांगितलं. त्यांनी पदर डोळ्याला लावला, मग पुस्तक मांडीवर घेतलं. त्यांना वाचता येत नाही. फोटोवर हात फिरवला. “ह्यो मळ्यातला फोटू. बांध दिसतोय. काय लिवलंय ह्याच्याखाली?”

मी वाचून दाखवलं. क्रमांक एक्केचाळीस. मूळ स्थान अमुक यांचा मळा, विहिरीच्या उत्तरेस, बांधावर. सध्या ग्रामदैवताच्या आवारात, मळ्याच्या मालकांनी स्वतः आणून प्रतिष्ठापना केली.

“आमचं नाव हाय?”

“आहे. तुमच्या मालकांचं.”

“आन् इहिर?”

“विहीरही आहे.”

त्या पुस्तकाकडे बघत राहिल्या. खालून कुणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा आवाज येत होता. “इहीर इथंच व्हती बगा, ह्या बिल्डिंगीच्या खाली,” त्या म्हणाल्या. “आमच्या पोरास्नीबी आता खरं वाटत न्हाय. म्हनत्यात, आज्जी कायबी सांगती.” मग त्यांनी आतल्या नातवाला हाक मारून बोलावलं, पुस्तक त्याच्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, “वाच. मोठ्यानं वाच.”

त्याने वाचलं. अडखळत, मराठी शाळेत नसल्यामुळे, पण वाचलं. विहिरीच्या उत्तरेस, बांधावर.

वन्सं, मी अरविंदकडे पाहिलं नाही. परत येताना चांदणी चौकाच्या गर्दीत गाडी उभी राहिली तेव्हा तो समोर बघतच म्हणाला, “तू सांगितलंस ते बरं केलंस.” आणि थोड्या वेळाने, “ताईने धरलं असतं तर ते वेगळं पुस्तक असतं.”

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला. तुमच्या भावाने गाडी पुढे घेतली.